ओठ न हलवता टाकलेला मंत्र

बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, नवनाथांपैकी तिघांची ठाणी आहेत. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथांची समाधी. पाटोदा तालुक्यात चिंचोलीचा गहिनीनाथगड. आणि रायमोहाकडची येवलवाडी, जालिंदरनाथांची. कानिफनाथांची मढी तेवढी हद्दीपलीकडे, पाथर्डी तालुक्यात; पण मायंब्याला गेलेला भाविक सहसा मढी करूनच परततो. या पट्ट्यात घरोघरी ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीचं पारायण होतं. धुंडीसुत मालू यांनी शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ साली ही चाळीस अध्यायांची पोथी पूर्ण केली. तिच्यात पानोपानी मंत्र आणि अस्त्रं आहेत: वाताकर्षण, मोहिनी, स्पर्शास्त्र, विभक्तास्त्र, संजीवनी. श्रावणात आजीशेजारी बसून हे अध्याय ऐकलेली मुलं पुढे शिकायला संभाजीनगरला, पुण्याला जातात. तिथे कुणाच्या तरी खोलीवर वीस बाजूंचा फासा त्यांच्या हाती पडतो, समोरचा म्हणतो, ‘तू जादूगार हो’, आणि लवकरच प्रश्न येतो: ‘मला मंत्र टाकायचाय, पण कुणाच्या लक्षात येता कामा नये. जमेल?’

ही पुस्तिका त्या एका प्रश्नासाठी आहे. नियमांच्या जाड पुस्तकात त्याला चार ओळी मिळतात, पण टेबलावर त्यावरून तासभर भांडण होऊ शकतं. उत्तर कसंही दिलं तरी खेळाचा पोत बदलतो, म्हणून इतकी पानं खर्ची घातली आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. त्याआधी टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळणारे लोक पलटणी चालवत. इथे प्रत्येकाला एकेकच माणूस मिळाला आणि तो माणूस काय करतो ते तोंडाने सांगायचं ठरलं. एक जण डंजन मास्टर होतो. सगळे त्याला डीएम म्हणतात. जग त्याचं, त्या जगातली बाकीची माणसं त्याची. बाकीचे खेळाडू आपापलं कॅरेक्टर घेऊन त्या जगात शिरतात. जे सहज होण्यासारखं आहे ते होतं, आणि जिथे शंका आहे तिथे फासा पडतो. जिंकणं-हरणं असं काही नसतं. गोष्ट पुढे जाते, बस.

या खेळातल्या मंत्राला तीन अंगं असतात. एक उच्चार, दुसरं हाताची हालचाल, तिसरं साहित्य. १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’पासून प्रत्येक मंत्रापुढे ही तिन्ही अंगं नोंदवायची पद्धत पडली आणि ती आजही आहे. आगीचा गोळा फेकायचा तर तोंडाने शब्द हवेत, हाताने खूण हवी आणि जवळ वटवाघळाची विष्ठा नि गंधक हवा. (अशा विष्ठेच्या मातीतून एके काळी सोरा काढत आणि सोरा-गंधकाशिवाय बंदुकीची दारू होत नसे. हे ठाऊक असलेल्याला ही जोडी मनापासून आवडते.) काही मंत्रांना तिन्ही लागतात, काहींना एक पुरतं. धुक्यासारखं विरून तीस फुटांवर प्रकट व्हायला नुसता उच्चार पुरे. लहानसा आभास उभा करायला उच्चार लागतच नाही, हाताची खूण आणि लोकरीचा पुंजका लागतो. तोंडात बोळा कोंबला तर पहिला मंत्र गेला, हात बांधले तर दुसरा. कैद झालेला जादूगार किती धोक्याचा, हे पहारेकऱ्याने त्याला कसं बांधलंय यावर ठरतं. मला हा नियम फार आवडतो, कारण जादूला तो शरीर देतो.

शरीर आलं की ते दिसणारही. मग लपवायचं काय आणि कसं, हा प्रश्न येतो. मराठी घरातल्या खेळाडूला तो समजायला वेळ लागू नये, असं मला वाटतं. जपाचे तीन प्रकार आपल्याकडे पूर्वापार सांगितलेले आहेत. वाचिक जप शेजाऱ्याला ऐकू येतो. उपांशु जपात ओठ हलतात पण आवाज शेजारी पोचत नाही. मानस जपात ओठही हलत नाहीत. पहाटे देवघरापुढे बसलेली आजी आठवा. ओठांची किंचित चाळवाचाळव होते आहे, उजवा हात गोमुखीत आहे, त्या कापडी पिशवीच्या आत तुळशीची माळ मणी-मणी सरकते आहे. किती माळा झाल्या, कुठला मंत्र चालला आहे, बाहेरच्याला पत्ता नाही. उच्चार दबलेला, हात झाकलेला, साहित्य पिशवीत. तरीही घरात शिरलेला लहान मुलगा लगेच थबकतो, कारण आजी जप करते आहे हे त्याला बसण्यावरून कळतं. खेळाच्या नियमाची सगळी खोच त्या मुलाच्या थबकण्यात आहे. कोणता मंत्र चालला आहे हे न कळणं वेगळं आणि मंत्र चालला आहे हेच न कळणं वेगळं.

इथे एक फरक मात्र ध्यानात घ्यायला हवा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात साध्या यज्ञापेक्षा जपयज्ञ दसपट, उपांशु शतपट आणि मानस सहस्रपट श्रेष्ठ मानला आहे. जितकं मौन जास्त तितकं बळ जास्त, असा तो हिशेब. खेळाचा हिशेब उलटा आहे. तिथे मौनाने मंत्राचं बळ वाढत नाही, मौनासाठी वेगळी किंमत मोजावी लागते. साधकाची कसोटी स्वतःशी असते. खेळात समोर कुणीतरी बसलेलं असतं आणि त्याला फसवलं जाणार असतं. म्हणून दोन्ही हिशेब आपापल्या जागी मला योग्य वाटतात.

नाथांच्या पोथीकडे या नजरेने पुन्हा पाहिलं तर तिथे कितीतरी सापडतं. पोथीतला मंत्र टाकण्याचा प्रकार जवळजवळ ठरलेला आहे: झोळीत हात जातो, भस्माची चिमूट निघते, ओठात मंत्र पुटपुटला जातो, चिमूट फेकली जाते. उच्चार, हालचाल, साहित्य, तिन्ही हजर. ज्याला नाथांची विद्या ठाऊक आहे तो माणूस झोळीकडे गेलेला हात पाहूनच सावध होणार. दोन नाथ समोरासमोर आले की पोथीत जी अस्त्रांची देवाणघेवाण होते ती अशीच चालते. एकाने वार केला की दुसऱ्याला तो ओळखू येतो आणि उतारा टाकायला अवधी मिळतो. खेळात याच उताऱ्याला काउंटरस्पेल म्हणतात.

पण नकळत घडणाऱ्या मंत्राच्या गोष्टीही त्याच पोथीत आहेत आणि त्या मला जास्त मोलाच्या वाटतात. पहिली मच्छिंद्राची. यमुनेच्या काठी शंकर पार्वतीला गुह्य ज्ञान सांगतात, सार कळलं का म्हणून विचारतात, आणि उत्तर येतं ते पाण्यातल्या मासळीच्या पोटातून. सांगणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेला एक ऐकणारा तिथे होता. मंत्र सांगताना आजूबाजूला कोण आहे हे साक्षात शंकराच्याही लक्षात आलं नाही, मग आपल्या दुसऱ्या लेव्हलच्या जादूगाराची काय कथा!

दुसरी गोष्ट गहिनीनाथांची, ज्यांचा गड चिंचोलीला आहे. मच्छिंद्राचा शिष्य गोरक्ष संजीवनी मंत्र घोकत बसलेला असतो. शेजारी पोरं चिखलात खेळत असतात. माणसाचा पुतळा करून दे म्हणून ती गोरक्षाच्या मागे लागतात. ओठांवर घोकणं चालूच, आणि हात चिखलाला आकार देतायत. पुतळा पुरा होतो आणि त्यात प्राण येतो; तेच गहिनीनाथ. पोरं भूत-भूत म्हणत पळतात. इथे मंत्र टाकला गेला हे पाहणाऱ्यांना तर कळलं नाहीच, टाकणाऱ्यालाही कळलं नाही. उच्चार होता, हाताची हालचाल होती, साहित्य म्हणून चिखल होता. तिन्ही अंगं योगायोगाने जुळून आली. डीएम मंडळींनी ही गोष्ट जरूर वाचावी. नवख्या जादूगाराच्या हातून अशी एखादी चूक घडवून आणली तर त्यातून सबंध कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, उभी राहू शकते.

तिसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला सोडवायला गोरक्ष निघतो. उघडपणे जाता येत नाही, म्हणून नर्तकीच्या ताफ्यात मृदंग वाजवणारा होऊन दरबारात शिरतो. नाच चालू आहे, सगळा दरबार रंगलेला आहे, आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूचं आणि आपलं नाव निघतं आहे. दरबाराला ताल ऐकू येतो, मच्छिंद्राला हाक. प्रभातने १९३२ साली याच कथेवर ‘माया मच्छिंद्र’ काढला, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, पडद्यावर गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे. गोरक्षाने मृदंगावर काही लपवलं नाही, भर दरबारात वाजवलं. ज्याच्यासाठी वाजवलं त्यालाच ते कळण्यासारखं होतं. लपवण्याची मला ठाऊक असलेली ही सगळ्यात सुंदर रीत आहे, आणि खेळात जे खेळाडू तिच्या आसपास जातात त्यांना डीएमने सढळ हाताने द्यावं.

आता नियमाकडे येऊ. नि:शब्द मंत्राला किंमत असावी, हे खेळाच्या बहुतेक आवृत्त्यांनी मानलं आहे, फक्त किंमत दर वेळी बदलली. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत उच्चार गाळायला एक कसब शिकावं लागे, हालचाल गाळायला दुसरं, आणि गाळलेल्या प्रत्येक अंगापायी मंत्र एक पायरी (मंत्राच्या ताकदीची पातळी) वरच्या जागेत बसवावा लागे. दोन्ही गाळायचं तर दोन पायऱ्या. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने ही सोय मुख्यतः सॉर्सररला दिली. सॉर्सरर म्हणजे ज्याच्या रक्तातच जादू आहे असा. तो आपल्या मर्यादित साठ्यातला एक पॉइंट खर्चून उच्चार आणि हालचाल दोन्ही गाळू शकतो. याला सटल स्पेल म्हणतात. साहित्य मात्र राहतं. २०१७ साली ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ने उरलेली शंका मिटवली: तीनपैकी एखादं अंग जरी वापरलं तरी मंत्र टाकला जातोय हे दिसण्याजोगं असतं, आणि एकही नसेल तरच तो अदृश्य. कोणता मंत्र ते ओळखायचं तर पाहणाऱ्याला विद्येचा फासा टाकावा लागतो, आणि पंधरा अधिक मंत्राची पायरी इतका आकडा गाठावा लागतो. २०२४च्या नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये सटल स्पेल साहित्यही गाळतं, फक्त ते किमती नसावं किंवा मंत्रात खर्ची पडणारं नसावं.

ही अंगं गाळण्याची गंमत कागदावर कळत नाही, म्हणून एक प्रसंग सावकाश पाहू. धारूरचा किल्ला घ्या. किल्लेदार सदरेवर बसला आहे. दारात चार भालेकरी. उजव्या हाताला एक म्हातारा, किल्लेदाराच्या पदरी असलेला जाणता जादूगार. आपल्या गटाची सॉर्सरर पंधरा फुटांवर उभी आहे. तिला जानकी म्हणू. तिचे दोन साथीदार तळघरात कैद आहेत. तिला किल्लेदारावर सजेशन टाकायचं आहे. दुसऱ्या पायरीचा मंत्र आहे. समोरच्याला एखादं वाजवी वाटेल असं वाक्य सांगायचं. त्याने मनाच्या ताकदीवर तो परतवला नाही तर पुढचे काही तास तो ते वाक्य अमलात आणतो. मंत्राला उच्चार आणि साहित्य लागतं, हातवारे लागत नाहीत. जानकीचं वाक्य तयार आहे: ‘हे दोघे फुकट धान्य खातायत, पावसाआधी त्यांना गडाखाली घालवून द्या.’

नवखे खेळाडू इथे नेहमी एक चूक करतात. त्यांना वाटतं की हे वाक्य म्हणजेच मंत्राचा उच्चार, आणि वाक्य साधं असल्याने कुणाला संशय येणार नाही. तसं नाही. उच्चार म्हणजे ठरावीक स्वरात, ठरावीक घुमाऱ्याने म्हटलेले गूढ शब्द. ते आधी येतात, वाक्य त्यानंतर. म्हणजे जानकी काही गाळत नसेल तर सदरेवर शांततेत एक अनोळखी बाई अचानक मंत्र म्हणू लागते आणि मग धान्याबद्दल बोलते. भालेकरी अडाणी असले तरी आंधळे नाहीत. म्हाताऱ्याला तर तिचे पहिले दोन स्वरच पुरतील. उतारा टाकायला साठ फुटांच्या आत असणं आणि मंत्र टाकताना दिसणं एवढंच लागतं. तो हात उचलील आणि मंत्र हवेतच विरून जाईल. पुढे काय होईल ते सांगायला नको.

आता समजा नवरात्र आहे आणि खालच्या चौकात गोंधळ उभा राहिला आहे. संबळ दणाणते आहे, तुणतुणं झणझणतंय, गोंधळी टिपेला पोचलेत. या आवाजात जानकीचे दबलेले शब्द भालेकऱ्यांना ऐकू जाणं अवघड. मी डीएम असेन तर भालेकऱ्यांसाठी फासा टाकणारच नाही. पण म्हातारा तिच्याकडेच पाहतोय. त्याला ओठ दिसतायत, तिच्या तळहातातला मधाच्या पोळ्याचा तुकडाही दिसतोय. त्याला फासा मिळालाच पाहिजे. जुन्या, २०१४च्या नियमाने तिने सटल स्पेल वापरलं तरी शब्द जातील आणि तो मधाचा तुकडा हातात राहील. निष्णात माणसाला त्यावरून शंका यायला जागा आहे. २०२४च्या नियमाने तोही जातो. मग सदरेवर फक्त एक शांत बाई आणि तिने मांडलेली एक व्यवहाराची गोष्ट उरते. म्हाताऱ्याला उतारा टाकायला काही दिसतच नाही.

तरीही म्हातारा हरलेला नाही, आणि चांगला डीएम आणि सवयीने खेळ चालवणारा डीएम यांच्यातला फरक इथेच उघडा पडतो. वाक्य सगळ्यांनी ऐकलं आहे. कैद्यांच्या नातेवाइकांना तीन महिने दाद न देणारा किल्लेदार एका वाक्यात कसा वळला, हे तिथे बसलेल्या कुणालाही खटकू शकतं. म्हातारा आत जाऊन जादू दिसण्याचा साधा मंत्र टाकील आणि परतला की किल्लेदाराभोवती त्याला जादूची आभा दिसेल, कारण सजेशनचा अंमल अजून चालू आहे आणि जानकीला तोवर त्याच्यावर चित्त धरून ठेवावं लागणार आहे. गडाचा दरवाजा ओलांडायला तिच्याकडे किती वेळ आहे? पुढचा अर्धा तास टेबलावर कुणी मोबाइल पाहत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

या प्रसंगात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतवू नयेत. मंत्र टाकताना कुणी पाहिलं का, हा पहिला. ज्याच्यावर टाकला त्याला काही जाणवलं का, हा दुसरा. नियमाप्रमाणे, मंत्राचा परिणाम डोळ्यांना दिसण्यासारखा नसेल आणि मंत्रातच तसं लिहिलेलं नसेल, तर लक्ष्य झालेल्याला सहसा कळत नाही. दुसऱ्याच्या मनातले विचार वाचण्याचा प्रयत्न हे पुस्तकातलंच उदाहरण आहे. उलट चार्म पर्सन या भुरळीच्या मंत्राचा अंमल तासाभराने संपला की माणसाला कळतं की आपल्याला या व्यक्तीने भुरळ घातली होती. टाकताना कितीही लपवा, शेवटी हिशेब होतोच. हा नियम लिहिणाऱ्याला माणसं कळत होती, असं माझं मत आहे. भुरळ उतरल्यावर येणारा राग हाच त्या मंत्राचा अर्धा भाग आहे.

ज्यांचं पात्र सॉर्सरर नाही ते विचारतात की, आम्ही हातचलाखीचा फासा टाकून मंत्र लपवू का? नियमपुस्तकात तशी मुभा नाही. अनेक टेबलांवर ती दिली जाते. माझा कौल स्पष्ट आहे: सरसकट देऊ नये. ज्याने आपल्या मोजक्या ताकदीतून किंमत मोजून ही सोय घेतली, त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला ती फुकट देणं म्हणजे त्याच्या निवडीची किंमत शून्य करणं. मात्र खेळाडूने परिस्थिती घडवली असेल, जसं संबळ वाजत असताना टाकला, साथीदाराने मुद्दाम भांडण उकरून सगळ्यांचं लक्ष वेधलं, पाठ फिरवून गोमुखीसारख्या पिशवीत हात घातला, तर त्या तयारीला फासा जरूर द्या. आणि तो चुकला तर परिणाम खरा होऊ द्या. सदरेवर लपूनछपून मंत्र टाकणं म्हणजे सदरेवर लपवून कट्यार उपसणं. सापडलेल्या माणसाला ‘जाऊ दे, पुढच्या वेळी जपून’ म्हणून कुठलाही किल्लेदार सोडणार नाही.

इथवर सगळं खेळातल्या माणसांबद्दल झालं. टेबलाभोवतीच्या माणसांबद्दल बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एक खेळाडू डीएमला चिठ्ठी सरकवतो: मी शेजारच्याच्या कॅरेक्टरवर गुपचूप मंत्र टाकतो. शेजारचा चहा पितोय, त्याला काही माहीत नाही. पुढचे तीन सेशन त्याचं पात्र दुसऱ्याच्या मर्जीने वागतं आणि त्याला वाटतं गोष्टच तशी चालली आहे. चांगल्या मित्रमंडळींत यातून सुरेख कथा घडते. नव्या, बुजऱ्या, वयाने लहान खेळाडूच्या बाबतीत हेच घडलं की तो पुन्हा खेळायला येत नाही. कॅरेक्टरला अंधारात ठेवावं. खेळाडूला ठेवायचं तर त्याची संमती आधी घेतलेली हवी.

हे मी बीडच्या संदर्भात इतक्या आग्रहाने का लिहितो, तेही सांगतो. आपल्या मराठवाड्यात कुणी न पाहिलेल्या मंत्राची भीती ही गंमत नव्हती. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेट घेतात, म्हैस आटते, की कुजबुज सुरू: कुणीतरी केलंय. करताना कुणी पाहिलेलं नसतं, आणि पाहिलेलं नाही हाच पुरावा ठरतो. मग बोट दाखवलं जातं ते बहुधा एकट्या राहणाऱ्या बाईकडे किंवा वस्तीतल्या सगळ्यात दुबळ्या घराकडे. तिला ‘मी केलं नाही’ हे सिद्ध करायचा कुठलाच मार्ग नसतो. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवते असं भासवून तिच्याविषयी संशय पसरवणं आणि चेटकाच्या नावाखाली मारहाण करणं या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव, शाळाशाळांत जे चमत्कारांचे प्रयोग दाखवतात ते या पुस्तिकेच्या वाचकाने आवर्जून पाहावेत. कार्यकर्ता समिधा रचतो, डोळे मिटून मंत्र म्हणतो, पळीने तूप सोडतो आणि काडी न ओढता आग भडकते. सगळ्यांचे डोळे त्याच्या ओठांवर असतात. समिधांत आधीच पोटॅशियम परमँगनेटची पूड पेरलेली असते आणि पळीत तूप नसून ग्लिसरीन असतं. दोन्ही भिडली की काही क्षणांत पेट घेतात. मंत्र सगळ्यांना ऐकू जातो आणि खरं काम जिकडे कुणी पाहत नाही तिकडे होतं. मग कार्यकर्ता पूड हातावर घेऊन दाखवतो, बाटली दाखवतो, एखाद्या मुलीला पुढे बोलावून तिच्याकडून आग पेटवून घेतो. त्या शेवटच्या भागासाठीच सगळा प्रयोग असतो.

आमच्या खेळाचं आणि त्या प्रयोगाचं नातं मला जवळचं वाटतं. टेबलावर गुप्त मंत्र असतो, पण त्याचा नियम छापलेला असतो आणि सगळ्यांनी वाचलेला असतो. टाकणाऱ्याने किंमत मोजलेली असते. समोरच्याला ‘माझ्या लक्षात आलं का?’ असं विचारण्याचा हक्क असतो आणि फासा सगळ्यांदेखत पडतो. ज्याच्यावर आरोप होतो त्याला उत्तर देता येतं. लहानपणी करणीच्या नुसत्या नावाने अंगणात जायला घाबरलेला मुलगा अठराव्या वर्षी टेबलावर बसून थंड डोक्याने विचारतो, ‘थांब, तुझ्या मंत्राला उच्चार लागतो की नाही? मग मला ऐकू आलं असेल.’ हा प्रश्न विचारायची सवय लागावी म्हणून मी हा खेळ मुलांना शिकवतो.

पुढची पानं वाचताना एक लक्षात ठेवा. यातले कौल माझे आहेत, तुमच्या टेबलावर तुमचे चालतील. फक्त पहिल्या सेशनच्या आधी सगळ्यांना समोर बसवून तीन गोष्टी ठरवा: उच्चार किती अंतरावर ऐकू जातो, लपवलेला मंत्र कुणाला आणि कसा पकडता येतो, आणि एका खेळाडूच्या कॅरेक्टरवर दुसऱ्याने गुपचूप मंत्र टाकलेला चालेल का. जे ठरेल ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे मध्येच खेळ थांबवून वाद घालावा लागणार नाही. आणि गावाकडच्या मुलांबरोबर खेळणार असाल तर खेळातल्या कुठल्याही मंत्राला करणी किंवा भानामती म्हणू नका. या पुस्तिकेत एकाही मंत्राला ती नावं दिलेली नाहीत.